तस्नीमची शेवटची फिल्म

डेंग्यूनं माणूस मरतं, हे आम्हाला तस्नीम गेल्यावर कळलं.

आज वर्ष झालं.

तस्नीम माझी लॅबमधली जोडीदार. भवानी पेठेतली. तिचे अब्बा चादरींच्या गठ्ठ्यांचा टेम्पो चालवतात. मी करकंब गावची. दोघी एकाच सरांकडे फिजिक्समध्ये पीएचडी करत होतो.

तिचा विषय लोखंड आणि ऱ्होडियमच्या मिश्रधातूची फिल्म. नखाएवढ्या पारदर्शक स्फटिकाच्या तुकड्यावर चढवलेला थर, केसापेक्षा कितीतरी पातळ.

साधा लोहचुंबक खूप तापवला की त्याचं चुंबकत्व जातं. या धातूचं उलटं. गार असताना चुंबकाला दाद देत नाही. उकळत्या पाण्याइतका तापला की स्वतःच चुंबक होतो.

जाड तुकड्यात हे एकदम होतं. थर पातळ केला की तो बदल पसरट होत जातो, कधी दिसतच नाही.

तस्नीमला तो अगदी पातळ थरात स्पष्ट दिसायला हवा होता. कितीतरी फिल्म बनवल्या. कितीतरी फुकट गेल्या.

त्या आठवड्यात थर चढवायच्या चेंबरचा, हवा खेचणारा पंप दुरुस्त होऊन आला. चेंबरमध्ये हवं तसं व्हॅक्यूम बऱ्याच महिन्यांनी मिळालं.

आणि तिला ताप भरला.

मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला.
"आगं, लई तापलीस. घरी जा की."
"व्हायरल असंल. उतरंल."
"मी बघते फिल्मचं."
"तू तुझं बघ गं. आज व्हॅक्यूम सोडलं तर परत कधी मिळायचं?"

थर चढवून झाला की तो चेंबरमध्येच तासन्‌तास तापवावा लागतो. ती टेबलावर डोकं टेकून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन परत आली.

मग आली नाही.

प्लेटलेट्स, आयसीयू, रक्तासाठी आपल्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर मेसेज. तुमच्यातल्या काहींनी रक्त दिलंही. आठवडा संपायच्या आत सगळं संपलं.

डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. अब्बा भिंतीला धरून उभे होते.

कब्रस्तानात पुरुष गेले. मी त्यांच्या घरी तिच्या अम्मीजवळ बसले होते. त्या रडतही नव्हत्या.

नंतर सर म्हणाले, "तिची फिल्म मोजून घे."
मोजली. गार असतानाही चुंबक, तापवल्यावरही चुंबक. बदल कुठंच नाही.
परत मोजली. तेच.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर अब्बा लॅबमध्ये आले, तिचा डबा आणि ओढणी न्यायला. चपला बाहेर काढून आले. मी त्यांना ती फिल्म दाखवली.

"बेटा, सगळे लोक बोलतात तस्नीमनं मोठं काम केलं. झालं ना ते काम?"

शेजारी उभे सर खाली बघत होते.

"नाही चाचा," मी म्हणाले. "नाही झालं."

"हौ," म्हणाले. फिल्मकडे वाकून बघितलं.

मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी घरी आली असती, तरी चाललं असतं की."

मी डबा आणि ओढणी त्यांच्या हातात दिली.

ताप अंगावर काढू नका. लॅबवाल्यांनो, तुम्हालाच सांगतेय.

तस्नीम, तुझी लई आठवण येते गं.
जड मनानं श्रद्धांजली.