चाकूरच्या शेंगा, लातूरची चित्रं

चाकूरला उतरलो तेव्हा मी खाली आणि पिशवी बसमध्ये, अशी सुरुवात झाली. कंडक्टरनं पिशवी खिडकीतून टाकली, ती झेलायच्या नादात चष्मा पडला. भाचा सुधाकर तो पुसत म्हणाला, "निकाल द्यायला आलाव मामा, जरा सांभाळून उतरायचं की वो!"

निकाल त्याच्या चार वर्षांच्या गौरीचा होता. ती इथल्या बालवाडीत जायची. सुधाकरला तिला लातूरच्या नर्सरीत घालायचं होतं, त्याची बायको सुनीता नको म्हणत होती. जागा धरायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. मी पुण्याचा निवृत्त प्राध्यापक, म्हणून दोन्हीकडं बघून मी सांगेन ते करायचं, असं नवराबायकोनं ठरवलेलं. प्राध्यापकाला लहान पोरांतलं काय कळतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मीही आणून दिलं नाही.

"बालवाडीत शिकवतच न्हाईत मामा," सुधाकर म्हणाला. "काय केलंस विचारलं की म्हणती, शेंगा फोडल्या."

सकाळी बालवाडीत गेलो. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी. पोरं आली, चपला जोडीनं लावल्या, माठातून पाणी घेतलं, सांडलं, पुसलं. मग पोत्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा. ज्यानं त्यानं आपल्या फोडायच्या, दाणे खलात कुटायचे आणि गूळ घालून आपला लाडू आपणच वळायचा. शिक्षिका शोभाताई नुसत्या बघत बसलेल्या.

गौरी एका टणक शेंगेशी झटत होती. दातात धरून झालं, फरशीवर आपटून झालं. मला राहवेना. ती शेंग घेऊन मी कट्‌कन फोडली आणि दाणे तिच्या हातावर ठेवले. वर आणखी मूठभर फोडून दिल्या.

तिनं दाण्यांकडं पाहिलं आणि भोकाड पसरलं. "माझी शेंग!" बाकीच्या पोरांना मात्र आयता गडी सापडला. "आजोबा, माझी पण!" करत सगळी माझ्यापुढं रांगेत उभी.

"आता बसा फोडत," शोभाताई हसू दाबत म्हणाल्या. "पोरं तुमच्या भरवशावर हायेत."

बसलो. नखं दुखेपर्यंत फोडल्या. गौरी माझ्याकडं पाठ करून, मुद्दाम दुसरी टणक शेंग निवडून बसली होती.

"करून देणं सोपं हाय वो," शोभाताई म्हणाल्या. "माझा बी हात अजून पुढं जातो. म्हणून पदर धरून बसते." खरंच, त्यांच्या दोन्ही मुठींत पदर गच्च होता.

मागं कट्‌ आवाज आला. गौरीनं कुणाला दाखवलं नाही. पुढची शेंग उचलली.

दुपारी सुधाकर आणि गौरीबरोबर जीपनं लातूर. नर्सरी छान होती; गार खोली, रंगीत भिंती, बाईही मायाळू. त्यांनी सफरचंदाचं चित्र दाखवलं. "हे काय, बाळा?"

"सफरचंद. कापायचं कशानं?"

"कापायचं नाही, नुसतं नाव सांगायचं." त्यांनी दुसरं चित्र धरलं.

"केळं. मला सोलता येतं," म्हणत गौरीनं हात पुढं केला. बाईंनी हसून चित्र गड्डीखाली सरकवलं. तिचा हात काही वेळ तसाच राहिला.

सुधाकर खुर्चीत सावरून बसला. "मॅडम, इथं पोरं सोलतेत का काही?"

"नाही हो, मावशी सोलून देतात. तुम्ही काळजीच करू नका."

बाहेर येऊन तो जीपच्या दाराशी उभा राहिला. "मामा, बोला. काय करावं?"

माझं भाषण तयार होतं, चाकूरपासून घोळवत आणलेलं. पण त्याचा चेहरा अर्ध्या विचारात होता. माझा हात, म्हणजे जीभ, पुढं जातच होती. रुमाल मुठीत धरला आणि गप्प राहिलो. आमच्या खानदानात हे प्रथमच घडलं. तो माझ्याकडं बघत होता, मी रस्त्याकडं.

शेवटी त्यानं फोन काढला. "सुनीता, औंदा राहू दे तिला तिथंच. एक वरीस. फुडल्या साली बघू."

पुण्याच्या बसमध्ये मी जरा खट्टू होतो. एवढा प्रवास, एवढ्या शेंगा, आणि मिळालं काय, एक वर्ष! पुढच्या वर्षी लातूर तिथंच असणार, सुधाकरही तोच. लातूरपुढचं मुरूड मागं पडलं तेव्हा मनात आलं, चार वर्षांच्या पोरीला एक वर्ष म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा चौथा हिस्सा. मला तेवढं कुणी देऊ केलं असतं, तर मी बस थांबवून उतरलो असतो.