चार नांगरांमागे एक शिपाई

नेकार नदीच्या त्या वळणावर एगिनोला सगळे शिपाई म्हणत. खरं तर तो शेतकरी होता. एका नांगराची जमीन, म्हणजे एका घराचं पोट भरेल एवढी, बापाकडून आलेली, स्वतःची. तो कुणाचं कूळ नव्हता, कुणाच्या वेठीला जात नव्हता. राजाचं बोलावणं आलं की भाला घेऊन फौजेत जायचं, एवढाच स्वतंत्र असण्याचा भुर्दंड. त्यातही सवलत होती. एकेका नांगराची जमीन असलेल्या चौघांनी मिळून एक माणूस पाठवायचा. उरलेल्या तिघांनी त्याची शिदोरी भरायची आणि तो येईपर्यंत त्याचं रान कसायचं.

हे चौघे म्हणजे एगिनो आणि त्याचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी: हाट्टो, इम्मो, ब्रूनिंग. जाणारा मात्र दर वेळी एगिनोच. पहिल्या खेपेला तो गेला, कारण त्याचं अजून लग्न झालं नव्हतं. पुढच्या खेपेला ढाल त्याच्याच भिंतीला टांगलेली होती म्हणून. त्याच्या पुढच्या खेपेला रस्ता त्यालाच ठाऊक म्हणून. हाट्टोचे गुडघे वसंतात धरत आणि फौज टेकडीआड गेली की सुटत. इम्मोची बायको बोलावण्याच्या सुमाराला हमखास पोटुशी असे. ब्रूनिंगची आई मरणाला टेकली होती. बरीच वर्षं ती तशीच टेकून होती.

जाण्याचं एगिनोला एवढं वाटत नसे. चालायचं, वाट्याला येईल ते खायचं, सांगतील तिथे उभं राहायचं. त्याला खुपे ती मागे होणारी नांगरट.

जड नांगर चौघांत एक. बैल प्रत्येकाने आपापले आणून जुंपायचे आणि एकेक रान उरकायचं. एगिनो गावात नसला की त्याचं रान शेवटी येई. तोवर बैलांनी जिभा बाहेर काढलेल्या, वाफसा गेलेला, जमीन खडंग आणि माणसांचं लक्ष बिअरच्या घड्याकडे. फाळ जमिनीची नुसती कातडी खरवडून जाई. वरून बघावं तर रान काळंभोर. खाली बोट घातलं की दगड. त्यात पेरलेला गहू उगवायचा कसा? काटेरी तण मात्र जोमाने येई.

मागच्या हंगामात तर ईस्टरपूर्वीचे उपासाचे दिवस येण्याआधीच घरातला गहू संपला आणि भाकरीत ओकची फळं दळून घालावी लागली. तेव्हापासून मठाचा कारभारी दारात येऊ लागला. गोड माणूस. तो म्हणे, जमीन मठाच्या नावाने करा, तुम्हीच कसा, आम्हाला फक्त आमचा वाटा द्या. कुळाला फौजेचं बोलावणं येत नाही. एगिनोची बायको रिकिल्ड त्याला बसायला तिवई देत नसे, पण त्याचं म्हणणं कान देऊन ऐके. आणखी एक हंगाम असा गेला तर जमीन देऊन टाकण्यावाचून इलाज नाही, हे नवराबायकोला कळून चुकलं होतं.

त्या वसंतात पुन्हा बोलावणं आलं. भाला, ढाल, धनुष्य, धनुष्याला जादा दोरी. कुणी नुसता सोटा हातात घेऊन यायचं नाही, अशी ताकीद. चौघे लिंडनच्या झाडाखाली जमले. हाट्टो गुडघा धरूनच आला होता. ब्रूनिंगने आईचा विषय काढायला तोंड उघडलं, तोच एगिनो म्हणाला, मी जातो.

तिघांना बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली.

"पण परत आलो की चौघांच्या पेरलेल्या रानांतून मला आवडेल ते मी निवडणार," एगिनो म्हणाला. "त्यातलं पीक माझं. ज्याचं घेईन त्याने माझ्या रानातलं कापायचं."

"अरे, तुझं रान आम्ही आपलं समजूनच नांगरतो," हाट्टो म्हणाला.

"मग तुझं काय जातंय, दादा?"

हाट्टो गुडघा चोळू लागला. एगिनोने सरळ सांगून टाकलं की हे नको असेल तर उद्याच तो जमीन मठाला देतो आणि कूळ होतो. मग शिपाई उरलेल्या तिघांतूनच जाईल. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने गव्हाची एकेक काडी त्याच्या हातात ठेवली. काडी दिली म्हणजे शब्द दिला. रिकिल्डने काड्या पेटीत ठेवल्या आणि एगिनो निघून गेला.

पुढचं काम रिकिल्डचं. पाणवठ्यावर तिने इम्मोच्या बायकोला सहज सांगितलं, "निघताना हे तुमच्याच रानाकडे बघत उभे होते, बाई." हाट्टोच्या बायकोलाही तेच. ब्रूनिंगच्या आईला तर अंथरुणाशी बसून, हळू आवाजात, तेच.

नांगरटीचे दिवस आले आणि पहिलं रान कुणाचं, यावरून जुंपली. पूर्वी पहिल्या नंबरासाठी भांडत, आता शेवटच्यासाठी. हाट्टोने शक्कल काढली: आपलंच रान वरवर नांगरायचं, म्हणजे एगिनोला ते आवडायचं नाही. त्याची बायको गेरलिंड मागून चालत आली, नांगराच्या तासात हात घातला आणि बैल थांबवले.

"आणि त्याने नाहीच निवडलं, तर वर्षभर आम्ही काय तुझे गुडघे खायचे?"

मग एकच वाट उरली. एगिनोचं रान सगळ्यांपेक्षा सरस करायचं. वाफसा आल्याबरोबर, ताज्या बैलांनी, सर्वांत आधी तेच नांगरलं. मग आडवं. मग पुन्हा उभं. हाट्टोने आपल्या उकिरड्याचं खत तिथे ओतलं. ते बघून इम्मोने आपलंही ओतलं. ब्रूनिंगची आई अंथरुणातून उठली आणि तण उपटायला रानात जाऊन बसली.

तिकडे फौजेने त्या उन्हाळ्यात कुणाला भाला मारला नाही. राजाने सगळ्यांना दोन नद्या जोडायचा कालवा खणायला लावलं. पाऊस लागून राहिला. दिवसा काढलेला चिखल रात्री घसरून पुन्हा खाली येई. एगिनो रोज तोच चिखल काढत होता. जे काम टिकणार नाही ते करवून घेणाऱ्यांना त्याने मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली. अखेर राजाने तो नाद सोडून सगळ्यांना घरी पाठवलं.

हिवाळ्याच्या तोंडावर, संत मार्टिनच्या सणाला तो परतला. गहू बोटभर वर आला होता. त्याने पाणी पिऊन घेतलं आणि रानं बघायला निघाला. मागून तिघे. प्रत्येक रानात तो मुद्दाम रेंगाळला. भाल्याचं बुडखं मातीत रोवी, माती चुरून बघे, मान हलवी. इम्मोच्या बांधावर तर जरा वेळ खाली बसला. थंडीतही इम्मोला घाम फुटला.

शेवटी आपल्या रानात त्याने भाला टेकवला. बुडखं जास्त जोर न लावता आत गेलं. त्याने भाला उपसून पुन्हा दुसरीकडे टेकवला. तिथेही तेच.  वाकून त्याने माती हातात घेतली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"हे घेतो," तो म्हणाला.

"अरे, ते तुझंच आहे," ब्रूनिंग म्हणाला.

"ठाऊक आहे."

रिकिल्डने तिघांच्या काड्या तिघांना परत दिल्या. मठाचा कारभारी आला, तेव्हा तिने त्याला प्रथमच बसायला तिवई दिली, बिअर दिली आणि पुन्हा यायची तसदी घेऊ नका म्हणून सांगितलं.

पुढच्या वसंतात बोलावणं आलं. एगिनो लिंडनखाली पोचला तेव्हा तिघे आधीच येऊन भांडत होते. हाट्टोचे गुडघे ठणठणीत होते. इम्मो म्हणत होता की बायको पोटुशी आहे, पण तिची आई येऊन राहिली आहे. ब्रूनिंगने ढाल मागून आणली होती. एगिनो थकला बिचारा, आता आपली पाळी, असं प्रत्येकाचं म्हणणं. मागच्या उन्हाळ्यासारखं राबण्यापेक्षा लढाई परवडली, हे मात्र कुणी बोललं नाही.

सर्वांत मोठ्याने ओरडला म्हणून हाट्टो जिंकला. निघताना एगिनोपुढे हात पसरून तो हसला.

"परत आलो की मीही निवडणार. काढ काडी."

एगिनोने काडी दिली. वाफसा आला त्या दिवशी पहिलं तास हाट्टोच्या रानात पडलं. नांगर इम्मोच्या हातात होता. फाळ जरा वर आला, तसा एगिनो बैलांपुढे जाऊन उभा राहिला.

"मागे घे," तो म्हणाला. "आणि दाब."