मेन स्विच बंद असताना

लालबागची ती खोली आम्ही अकरा महिन्यांच्या करारावर घेतली. एजंटने टॅबवर आमचे अंगठे घेतले आणि कलमं भराभर वाचून दाखवली. विजेच्या कलमाशी नवरा अडला. मीटरवर नोंद होईल ती सगळी वीज भाडेकरूची, असं त्यात होतं. मालक हसले, “सगळीकडे असंच असतं.” असतंही.

पहिलंच बिल जुन्या घराच्या तिप्पट आलं. आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. घरात एक फ्रीज, दोन पंखे. फ्रीजवर आळ घेतला, महिनाभर तो बंद ठेवला, तरी पुढचं बिल वाढूनच आलं.

मग एका बुधवारी मी रजा टाकली. रजा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. परळच्या ज्या ऑफिसात मी बसायचे, त्यांची मी नोकर नव्हतेच. लग्नाला खुर्च्या पुरवतात तसं एका एजन्सीने मला तिथे पुरवलं होतं.

दुपारी मेन स्विच पाडून जिन्याखाली मीटर बघायला गेले. तरी लाल दिवा भराभर लुकलुकत होता, म्हणजे वीज जातच होती. मीटरच्या फळीला हात लावला तर गरम. प्लास्टिक जळल्याचा बारीक वासही होता. कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्याने बॅटरी मारली.

“ताई, मीटर आणि तुमचा मेन स्विच यांच्या मधूनच कुणीतरी लाईन ओढलीय.”

वायरीच्या मागोमाग आम्ही वर गेलो. गॅलरीच्या टोकाला एक खोली होती, तिला बाहेरून कुलूप, खिडकीच्या काचा रंगवलेल्या. मालकांचं सामान असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. वायर त्याच खिडकीतून आत गेली होती. मी उगीचच काचेवर टकटक केलं.

आतून कुणीतरी खोकलं.

खिडकी चार बोटं उघडली. झोपेतून उठलेली एक बाई. तिच्यामागे जमिनीवर आणखी बायका आडव्या.

“तुम्हाला कोंडलंय?”

“कोंडलंय म्हणजे... हॉस्पिटलात सफाईची रात्रपाळी आहे आमची. सुपरवायझर सकाळी आणून सोडतो, संध्याकाळी नेतो. खोली, लाईट, पाणी त्यांचं. पगारातून कापतात.”

म्हणजे त्याच विजेचे पैसे मीही भरत होते आणि त्याही.

“आणि आग लागली तर?”

तिने मागे वळून झोपलेल्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “वास आम्हालाही येतो, ताई. पण कुणाला सांगू नका. काम जाईल.”

तिच्या गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र होतं. तसलंच माझ्याही पर्समध्ये होतं. एजन्सी एकच.

मालकांना फोन लावला. “करार वाचा,” ते शांतपणे म्हणाले. “तुमच्या दाराबाहेर काय चाललंय ते बघायचं काम तुमचं नाही. आणि तुम्ही कुणातर्फे कामाला आहात, ते मला ठाऊक आहे.”

वायरमन कधी निघून गेला कळलंच नाही. नवऱ्याला मी विचारलं नाही. तो नको म्हणाला असता आणि मी ऐकलं असतं. जळका वास आता गॅलरीपर्यंत आला होता. मी अग्निशमन दलाला फोन केला.

जवानांनी कुलूप तोडलं, वायर उपटली. सात बायका उन्हात डोळे बारीक करून उभ्या राहिल्या. तेवढ्यात खाली टेम्पो थांबला. सुपरवायझरने जवानांशी हसत बोलत कागदावर सही केली आणि बायकांना एकेक मोजत टेम्पोत चढवलं.

“कुठे नेताय यांना?” मी विचारलं.

“दुसऱ्या साईटवर,” तो म्हणाला, आणि पुढे माझं नाव घेतलं. मी ते त्याला सांगितलं नव्हतं.

खिडकीतली बाई शेवटी चढली. “बोलले होते ना तुम्हाला,” एवढंच म्हणाली. त्या कुठे गेल्या, ते मला आजतागायत कळलेलं नाही. हॉस्पिटलात जाऊन विचारलं, तर म्हणाले, सफाईवाल्या आमच्या नसतात.

महिन्याभरात आम्ही खोली सोडली. एजन्सीने मला काढलं नाही. उलट करार वाढवून दिला. त्यात एक नवीन कलम होतं: राहण्याची जागा बदलायची झाल्यास एजन्सीची परवानगी घ्यावी.

मी सही केली.