वाचलेली सुतळी

भात कापून पेंढ्या बांधणारं यंत्र घ्यायला मी कुडाळला गेलो. "हे सुतळी फार कमी खातं," एवढं दुकानदार म्हणाला आणि मी दुसऱ्या यंत्राकडे पाहिलंच नाही. त्याची सुतळी प्लास्टिकची, केसासारखी बारीक. माझ्या काटकसरीची कथा मी गावभर सांगत फिरलो.

बायको म्हणाली, "अवो, तो दोरो गवतात दिसना नाय. गाय खायत."

"गाय माज्यापेक्षा शाणी आसा," मी म्हटलं.

तेवढी शहाणी ती नव्हती. शिमग्याच्या सुमारास तिचं पोट फुगलं आणि ती गेली. डॉक्टरांनी पोट फाडलं, तर आत नारळाएवढा गुंता. बायकोने तो विहिरीवर स्वच्छ धुतला आणि माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी आणून ठेवला.

"घेवा, तुमची वाचलेली सुतळी."