कर्नल आत्या कुहीला गेल्या तेव्हा

माझ्या बायकोच्या आत्यांनी जन्मात कधी कुणाला विनंती केली असेल, असं मला वाटत नाही. त्या हुकूम देतात, आणि समोरचा माणूस तो पाळून झाल्यावरच आपण का पाळला याचा विचार करतो. एकदा सीताबर्डीत, व्हेरायटी चौकाजवळ, एक बस, दोन कार आणि सात-आठ ऑटो एकमेकांत असे अडकले होते की कुणालाच हलता येईना. आत्या आमच्या ऑटोतून उतरल्या, पदर खोचला, बसच्या ड्रायव्हरला बोटानं मागे जायला सांगितलं, कारवाल्यांना एकेक करून बाहेर काढलं आणि पाच मिनिटांत परत येऊन जागेवर बसल्या. रहदारीचा हवालदार धावत आला. मला वाटलं, चिडलाय. त्यानं कडक सलाम ठोकला आणि अदबीनं विचारलं, ‘मॅडम, कोणत्या ठाण्यात असता?’ आत्या म्हणाल्या, ‘धरमपेठेत. तिसऱ्या माळ्यावर.’

हे वळण सैन्यातलं. कुहीजवळच्या एका गावातल्या धान पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी नर्सिंग शिकली, घरच्यांचा नकार बाजूला सारून सैन्याच्या परिचर्या सेवेत गेली, एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेच्या सरहद्दीवर होती आणि लेफ्टनंट कर्नल होऊन घरी आली. त्या गावातून सैन्यात गेलेली ती पहिली बाई. आता ऐंशीला टेकल्यात, पण कुणाच्याही घरी गेल्या की आधी पलंगावरची चादर ताणून तिचे चारही कोपरे पाकिटासारखे दुमडतात. आमच्या मुलीच्या लग्नात नवरीच्या खोलीतली अंथरुणं त्यांनी इतकी कडक बसवली, की रात्री वऱ्हाडातल्या बायका त्यांवर झोपायला धजेनात आणि सतरंजीवर आडव्या झाल्या. सत्यनारायणाला आलेल्या भटजींना त्यांनी कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि नखं तपासूनच पाटावर बसू दिलं. आमच्या नातलगांत कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी एक गोष्ट ठरते, ती म्हणजे आत्यांना कळू द्यायचं नाही. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र बायकोच्या तोंडून निसटलं. आत्या भेटीच्या वेळेत आल्या आणि तासाभरात त्या मजल्यावरच्या सगळ्या नर्स औषधांचे ट्रे घेऊन त्यांच्यापुढे उभ्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी त्यांतलीच एक पोरगी हळूच विचारायला आली, की त्या मॅडम पुन्हा कधी येणार, सलाईनची सुई न दुखवता लावायची त्यांची रीत अर्धीच शिकून झाली होती.

या सगळ्यात मला छळणारी गोष्ट एकच होती. लढाईत त्यांनी नेमकं काय केलं? वीस वर्षं मी ते विचारत आलो, कधी सरळ, कधी आडून. उत्तर ठरलेलं असे: थंडी फार होती आणि काम पुष्कळ होतं. गेल्या महिला दिनाला धरमपेठेतल्या एका मंडळानं त्यांचा सत्कार केला, तेव्हा मी पुढची खुर्ची धरून बसलो. लोक तोफांचे आवाज ऐकायला आले होते. आत्या अर्धा तास हात कसे धुवावेत यावर बोलल्या आणि शेवटी त्यांनी पहिल्या रांगेला नखं दाखवायला सांगितली. अध्यक्षीणबाईंनी हात पदराखाली घेतले.

त्या सत्काराचा फोटो पेपरात आला, आणि त्यावरून पत्ता काढत महिन्याभरानं कुहीकडच्या एका खेड्यातून फोन आला. एक म्हातारा माजी सैनिक होता. त्या लढाईत त्याचा पाय गेला होता, सिस्टरांनीच आपल्याला सांभाळलं म्हणत होता, आणि त्याला त्यांना एक गोष्ट विचारायची होती. मी आनंदानं निरोप पोचवला. आत्या म्हणाल्या, जायचं नाही. का, ते सांगितलं नाही. त्यांना कशाची तरी भीती वाटू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पाचव्या दिवशी सकाळी सातला मात्र त्यांचा फोन आला, ‘जावईबापू, गाडी काढा.’

म्हातारा अंगणात खुर्चीवर बसला होता. त्यानं बसल्या-बसल्या सलाम केला. आत्यांनी त्याला हात खाली घ्यायला सांगितलं, त्याचा नकली पाय काढायला लावला, मांडीची कातडी बोटानं दाबून पाहिली आणि पट्टा चुकीचा बांधतो म्हणून त्याच्या सुनेदेखत त्याला झापलं. तो लहान पोरासारखा ऐकत राहिला. मग सून चहा ठेवायला आत गेली आणि तो बोलू लागला. सरहद्दीजवळच्या एका शाळेत तेव्हा इस्पितळ केलं होतं. व्हरांड्यात जखमींचे स्ट्रेचर ओळीनं ठेवले होते. त्याच्या बाजूला एक पहाडी पोरगा होता, त्याच्या आधी आणलेला, अगदी शांत. हा मात्र वेदनेनं सारखा ओरडत होता. ऑपरेशनला याला आधी नेलं. परत आणलं तेव्हा बाजूची जागा रिकामी होती.

‘त्याचा नंबर माझ्या आधी होता, सिस्टर,’ तो म्हणाला. ‘मी ओरडून राहिलो होतो म्हणून मले नेलं का? मले आधी काहून नेलं?’

आत्यांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

‘ओरडल्यानं कोणी आत गेलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘दोन्ही डॉक्टर आत टेबलापाशी होते. बाहेर कोणाले आधी न्यायचं, ते मी ठरवून राहिली होती. तुझ्या पायातून रक्त जाऊन राहिलं होतं, अर्धा तास थांबलो असतो तं तू गेला असता. त्याच्या पोटात काही उरलंच नव्हतं. तू त्याचा नंबर नाही घेतला गा. मी तुले दिला.’

म्हाताऱ्यानं गळ्यातला दुपट्टा तोंडावर धरला. पन्नासहून अधिक वर्षं त्या माणसानं हा प्रश्न बायकोलाही सांगितला नव्हता, असं तो नंतर म्हणाला. आणि मी हिशेब करत होतो तो वेगळाच. तेव्हा आत्या पंचविशीतल्या होत्या. त्या व्हरांड्यात कुणाला जगवायचा प्रयत्न करायचा आणि कुणाला नाही, हे एका धानकऱ्याच्या पोरीनं एकटीनं ठरवलं होतं, आणि एकदाच नव्हे, दिवसभर.

परतताना रस्त्याच्या दोन्हीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या होत्या. मी काहीच विचारलं नाही. माझ्या वीस वर्षांच्या चौकशीत मला जमलेली तेवढी एकच शहाणपणाची गोष्ट. मग त्यांनीच सुरुवात केली. या म्हाताऱ्याला तेव्हा ऑपरेशनला आत पाठवल्यावर त्या स्वतः पहाडी पोरापाशी जाऊन बसल्या होत्या. मधून उठावं लागे, पुन्हा येऊन बसत. त्याला झोप नको होती, काहीतरी बोला म्हणाला. काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांनी त्याला घरच्या धानाची गोष्ट सांगितली. रोपांसाठी पऱ्हं कसं टाकतात, चिखलात रोवणी करताना बायका कशा ओळीनं मागे सरकतात, लोंबी भरली की शेताला कसा वास येतो. तो मधेमधे विचारत होता, मग पुढं?

‘कापणीपर्यंत पोचलोच नाही आम्ही,’ आत्या म्हणाल्या.

मी गाडी हळू केली. त्या काचेतून बाहेर बघत होत्या.

‘त्याचा चेहरा आठवते, आवाज आठवते. कोणत्या हाताले घड्याळ होतं, ते आठवते,’ त्या म्हणाल्या. ‘नाव तेवढं आठवत नाही, जावईबापू. लई आठवून पाहिलं.’