सुष्मानं न केलेलं भाषांतर

म्हैसूरला लागून असलेल्या हिनकलच्या त्या चर्चमध्ये व्यासपीठाला दोन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर पास्टर उभे राहत, पाहुणे उभे राहत. सुष्मा खालच्या पायरीवर. पाहुणा इंग्रजीत बोले, ती कानडीत सांगे. अशी कितीतरी वर्षं गेली होती.

पास्टर पुनीत आणि ती एकाच धर्मशास्त्र महाविद्यालयात, एकाच वर्गात शिकले होते. पुढे तिनं मिशनच्या इतिहासात एम.टीएच. ही वरची पदवीसुद्धा घेतली. पण पुनीतला पास्टरपदाची दीक्षा मिळाली, सांभाळायला मंडळी मिळाली; सुष्माला संडे स्कूल मिळालं आणि परदेशातून कोणी आलं की ती खालची पायरी. "बाईला व्यासपीठावर बघायला आपली मंडळी अजून तयार नाही," असं पुनीत म्हणे. मंडळीला कोणी विचारल्याचं तिच्या कानावर कधी आलं नव्हतं. ती राग गिळायची. गिळायची सवयच झाली होती.

सुष्माच्या घरी मराठी. पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते, आणि वडील फत्तेसिंगराव तरुणपणी ख्रिस्ती झालेले. चर्चमध्ये मराठी बोलायला तिला एकच माणूस होतं, ते म्हणजे अग्रहारातल्या, ब्राह्मणवस्तीतल्या तुंगाक्का. सत्तरी ओलांडलेल्या, कानांनी कमी ऐकणाऱ्या, धाकट्या भावाकडे राहणाऱ्या. विधवा झाल्यावर त्या मोठ्या आजारातून उठल्या. दवाखान्यातल्या एका नर्सच्या मायेनं त्या येशूकडे वळल्या आणि पन्नाशीनंतर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाऊ दामोदरराव आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी हातोडी घेऊन आले आणि बहिणीच्या खोलीत क्रुसासाठी स्वतः खिळा ठोकला. तेव्हापासून दर रविवारी स्कूटरवर बसवून तिला चर्चला आणायचे. ती आत, हे बाहेर करंजाच्या झाडाखाली पेपर वाचत.

मागच्या वर्षी अमेरिकेतून कॅलेब नावाचा तरुण आला. धर्मशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडलेली, जगभरचं मिशनकार्य हा त्याचा विषय. पोरगा मनानं वाईट नव्हता. हातानं भात कालवायला शिकला, भेटेल त्याला "नमस्कारा" म्हणायचा. त्याच्या निरोपाच्या रविवारी चर्चमध्ये जेवण ठेवलं होतं, घरच्यांनाही बोलावलं होतं. म्हणून दामोदरराव त्या दिवशी पहिल्यांदा आत आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बहिणीशेजारी बसले. समोर तिकाटण्यावर कॅमेरा लावलेला होता.

कॅलेब बोलू लागला आणि सुष्मा कानडीत सांगू लागली. प्रवास, प्रार्थना, म्हैसूरच्या लोकांचं प्रेम. दुभाष्याचं तोंड चालत असतं, डोकं मागून येतं.

"इथे आपल्यात एक बहीण आहे, तुंगा," कॅलेब म्हणाला. सुष्मानं सांगितलं. लोकांनी वळून पाहिलं. तुंगाक्का हसल्या.

"तिनं येशूचं नाव घेतलं आणि सख्ख्या भावानं तिला घराबाहेर काढलं. कित्येक रात्री ती देवळाच्या पायरीवर झोपली. त्या घरातल्या अंधारातून..."

सुष्माचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

तिला ऐकू आलं नसेल असं वाटून कॅलेबनं तेच वाक्य सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा म्हटलं. दामोदरराव बँकेत चाळीस वर्षं काम केलेले. कॅलेबचं इंग्रजी त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. शेजारी तुंगाक्का त्यांच्या बाहीला धरून विचारत होत्या, "काय म्हणाला रे तो? माझं नाव घेतलं ना?"

"काही नाही अक्का," दामोदरराव म्हणाले. "तुझं कौतुक चाललंय."

ते ऐकलं आणि सुष्माच्या अंगाची आग आग झाली. तिनं माईक तोंडाजवळ धरला आणि कॅलेबकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "हे खोटं आहे. मी हे बोलणार नाही." मग मंडळीकडे वळून कानडीत, "पाहुणे जे बोलले ते खोटं आहे. ज्यांच्याबद्दल बोलले ते इथेच बसलेत, आणि आपण सगळे त्यांना ओळखतो." माईक तिनं पायरीवर ठेवला आणि खाली उतरली.

पुनीतनं घाईघाईनं गीत सुरू करायला लावलं. गीत संपायच्या आत दामोदरराव बहिणीला घेऊन निघून गेले. न जेवता.

मागच्या खोलीत पुनीत तिच्यावर तुटून पडला. "पाहुण्यासमोर मंडळीची अब्रू घालवलीस तू! नंतर सांगता आलं नसतं?"

"नंतर? कॅमेरा चालू होता, पुनीत. आणि दामोदरराव समोर बसले होते."

दाराशी कॅलेब उभा होता, लाल झालेला. "मी तलकाडला जाताना गाडीत यांना दोनदा विचारलं होतं," तो पुनीतकडे बोट दाखवून म्हणाला. "हे खरं आहे का? हे म्हणाले, खरं आहे."

सुष्मा पुनीतकडे बघतच राहिली. तोवर तिला वाटत होतं, हे बाहेरून आलेलं अज्ञान आहे. परक्या पोराला काय कळतं! आणि हा तर घरचाच हात निघाला.

"थोडं वाढवून सांगावं लागतं," पुनीत म्हणाला. "नुसतं भाऊ स्कूटरवरून आणून सोडतो म्हटलं तर तिकडे परदेशात कोण ऐकणार, कोण देणगी देणार? काम चालायला नको?"

"कॉलेजात आपण त्या जुन्या मिशनऱ्यांचे अहवाल वाचले होते," सुष्मा म्हणाली. "आपल्या आज्या-पणज्यांबद्दल काय काय लिहिलं होतं त्यांनी! तू बाकावर मूठ आपटली होतीस. म्हणाला होतास, आपल्या हातात लेखणी आली की असलं एक अक्षर लिहिणार नाही. विसरलास?"

मग कॅलेबला ती म्हणाली, "जिथं बोललास तिथंच चूक कबूल कर." त्यानं मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं, आणि तो गेला.

मंडळीच्या कमिटीनं सुष्माला माफी मागायला सांगितलं. तिनं मागितली नाही. तिला खालच्या पायरीवरूनही काढलं. आणि महिन्याभरात इंटरनेटवर चर्चच्या व्हिडिओत तुंगाक्कांचा हसरा चेहरा झळकला. मागे कुणाचा तरी गोड आवाज, आणि तोच भाऊ, तीच देवळाची पायरी. ते तिनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाहिलं. गॅसवर दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही.

ती अग्रहारात गेली. दामोदररावांनी तिला बाहेरच गाठलं. "अक्काला सांगू नकोस ग. या वयात तिचा देव कशाला हिरावून घ्यायचा?" ते अजूनही बहिणीला चर्चला सोडत होते. फक्त आता झाडाखाली बसत नव्हते, लांबूनच वळायचे.

"काका, मी देव हिरावत नाही," सुष्मा म्हणाली. "पण गोष्ट अक्कांची आहे. त्यांच्या पाठीमागे तुम्हीही लपवणार आणि चर्चवालेही?" आणि त्यांना बाजूला सारून ती आत गेली. तुंगाक्कांच्या कानाशी बसून तिनं सगळं सांगितलं, मोठ्यानं, पहिल्यापासून.

तुंगाक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अय्यो! आणि तू सुम्मने, नुसती गप्प घरी बसलीस इतके दिवस?"

पुढच्या रविवारी उपदेश चालू असताना त्या काठी टेकत उठल्या आणि थेट व्यासपीठापाशी गेल्या. त्यांना कानडी चांगली येत होती, पण संतापात त्यांच्या तोंडून मराठीच निघाली.

"पुनीत, माझ्या भावानं मला कुठं टाकलं होतं? सांग सगळ्यांना! त्याच्या हातचं अन्न खाऊन मी जगले. माझ्या अंगावरचं हे लुगडं त्यानं घेतलेलं. खोटं बोलून माझ्या येशूला का लाज आणतोस?"

मंडळीला शब्द कळत नव्हते. सुष्मा बाकावरून उठली आणि जागेवरूनच कानडीत सांगू लागली, वाक्यामागून वाक्य, एकही शब्द न गाळता. पुनीत म्हणाला, "सुष्मा, बस खाली." ती बसली नाही. पुढच्या बाकावरच्या दोन बायका उठून तुंगाक्कांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, मग आणखी काही.

आठवड्याभरात तो व्हिडिओ इंटरनेटवरून काढला गेला. क्षमा मात्र कुणी मागितली नाही, ना पुनीतनं, ना कमिटीनं. कॅलेबचा एक लांबलचक ईमेल आला. त्यात स्वतःच्या दुःखाबद्दलच जास्त होतं. सुष्मानं उत्तर दिलं नाही. तिनं ते चर्च सोडलं. बुधवारी काही बायका तिच्या घरी जमतात, ती शिकवते आणि तुंगाक्का मध्येच टोकतात.

दामोदरराव बहिणीला दारापर्यंत आणून सोडतात. पण सुष्माशी ते बोलत नाहीत. आपण नको म्हणत असताना तिनं अक्काला सांगितलं, हे ते विसरलेले नाहीत. तिलाही त्याचं वाईट वाटतं. पण पुन्हा तीच वेळ आली तर ती पुन्हा सांगेल, हे तिला ठाऊक आहे, आणि त्यांनाही.