एका रस्त्याच्या दोन षष्ठी

देवासचा मोठा रस्ता त्या काळी दोन राज्यांच्या मधून जाई. या अंगाची घरं थोरल्या पातीची, त्या अंगाची धाकट्या पातीची. दोन राजे, दोन कचेऱ्या, दोन शाळा, आणि कोणता सण कधी करायचा हे सांगणारे दोन जोशी. या बाजूच्या ओसरीतून कुणी पानाची पिंक जरा जोरात टाकली, तर ती परराज्यात पडली असं लोक थट्टेनं म्हणत.

सरलाबाई थोरल्या पातीत राहत. माहेरी, धारला, भावंडांत सगळ्यांत मोठी म्हणून तिला अक्का म्हणत. ते नाव तिच्या पाठोपाठ देवासला आलं आणि तिशी गाठायच्या आतच तिच्याहून वडील बायकाही तिला अक्का म्हणू लागल्या. तिला ते मुळीच आवडत नसे, पण नावाबद्दल तक्रार कुणाकडे करायची?

नवरा नीलकंठ दफ्तरात कारकून. माणूस सज्जन, पण बोलण्यात महाकंजूस. सासूबाई होत्या तोवर दिवसाउजेडी बायकोशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा समजला जाई. सासूबाई गेल्या, पण सवय मागे ठेवून गेल्या. एकुलती मुलगी लग्न होऊन सोनकच्छला नांदायला गेली, आणि घरात उरली दोन माणसं. जेवताना 'भात घाल', उठताना 'येतो', यापलीकडे संभाषण जात नसे.

अक्काची एक इच्छा होती, लहानशीच. धारला माहेरी जायची वाट इंदुरावरून. वर्षानुवर्षं तिनं ते शहर बैलांच्या दमणीच्या पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं. कापडाची दुकानं, काचेच्या हंड्या, नाटकगृहावरच्या रंगीत पाट्या. आणि दर खेपेला, नवरा पोचवायला असला तरीही, बरोबरचे वडीलधारे म्हणत, थांबायला वेळ नाही. एकदा तरी इथं खाली उतरावं, आपल्या माणसाबरोबर दोन दिवस हिंडावं, असं तिला वाटे. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच.

समोर, धाकट्या पातीत, उमाशंकर मास्तर राहत. नीलकंठाचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांची बायको विनोदिनी वीस वर्षांची, माहेर इंदूरचं. ती वर्तमानपत्र वाची, नवऱ्याशी ओसरीत बसून बोले, आणि बोलता बोलता दोघंही मोठ्यानं हसत. ते हसणं रस्ता ओलांडून अक्काच्या स्वयंपाकघरापर्यंत येई. पोरगी स्वभावानं गोड होती, अडीनडीला धावून येणारी होती, अक्काला ती आवडतही होती. पण ते हसू कानावर आलं की अक्काच्या हातून भाकरी करपायची. आम्हांला कधी कुणी असं हसवलं नाही, हा तिचा हिशेब साधा होता आणि तो चुकतही नव्हता.

कार्तिक सरत आला तेव्हा मास्तर बातमी घेऊन आले. इंदुरात चांगली नाटक कंपनी उतरली होती आणि रविवारी तिचा खेळ दुपारचा होता. शनिवारी चंपाषष्ठीची सुटी, दोन्ही पातींचं दैवत खंडोबा, म्हणजे सुटी दोन्हीकडे. रविवार तर हक्काचाच. शनिवारी पहाटे टांग्यानं निघायचं, सोमवारी कचेरीच्या आत परत. दोघं मित्र आणि दोघींनाही न्यायचं. बायकांना, केवळ मौजेसाठी! देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही. आळीत कळलं असतं तर चार दिवस तोच विषय झाला असता.

अक्काला आनंदानं झोप येईना. आणि तो आनंद पुरता दोन दिवससुद्धा टिकला नाही.

बेत आखायला संध्याकाळी चौघं जमू लागले, आणि नीलकंठाला वाचा फुटली. पण कुणापुढे? विनोदिनीपुढे. उतरायचं कुठं? तिच्या मामांकडे. लुगडी कुठल्या पेठेत बघावीत? नाटकगृहात बायकांची बसायची सोय कशी असते? पडदा असतो का? आत शिरायची वाट वेगळी का? तो विचारी, ती न लाजता सांगे, आणि तो मान डोलावून पुन्हा विचारी. अक्का दाराआड चिवडा परतत असे. जो माणूस दुसऱ्यांदा आमटी हवी म्हणूनही तोंड उघडत नाही, त्याच्याजवळ एवढे प्रश्न होते तरी कुठं, हे तिला समजेना. नाकाला मिरच्या झोंबल्या, त्या काही फोडणीतल्या नव्हत्या.

सोमवारी मास्तर म्हणाले की विनोदिनीचं यायचं अजून पक्कं नाही, टांग्याचे हादरे तिला सोसत नाहीत. तेव्हा नीलकंठ तिच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही येणार नसाल तर जाण्यात काही अर्थच नाही."

मग काय, विनोदिनी हसून येते म्हणाली.

अक्कानं ते वाक्य रात्रभर चघळलं. जाण्यात काही अर्थच नाही. म्हणजे आपलं येणं हे बोचक्यासारखं, नेलं काय नि ठेवलं काय. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. त्या पोरीला तिचा हसरा नवरा कमी पडला होता का, की आपला मुकासुद्धा तिनं बोलता करावा? विनोदिनीचा तिला इतका हेवा वाटला की दुसऱ्या दिवशी देवीला निघताना ती समोरच्या दाराकडे न बघताच गेली.

टेकडीवर देवीच्या पायऱ्यांपाशी भवानीबाई भेटल्या. धाकट्या पातीच्या जोशांचं कुटुंब. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि भवानीबाई सहज म्हणून गेल्या, "तुमच्याकडे षष्ठी शनिवारी ना गं? आमच्याकडे रविवारी. यांचं गणित तुमच्या जोशांच्या गणिताशी कधी जुळलंय का? पंचांगच निराळं."

अक्का जागच्या जागी उभी राहिली. धाकट्या पातीत षष्ठी रविवारी, म्हणजे सुटी रविवारात बुडाली. शनिवारी त्यांची शाळा भरणार, आणि सुटीचा कागद आदल्या दिवशीच फिरत असल्यानं मास्तरांना याचा पत्ता नव्हता. दोघा शहाण्यांनी थोरल्या पातीच्या पंचांगावर बेत रचला होता, आणि ते पंचांग रस्त्यापलीकडे लागू नव्हतं. अजून मंगळवार होता. मास्तरांनी आज अर्ज टाकला तर रजा सहज मिळाली असती. आयत्या वेळी मात्र मागून उपयोग नसे.

सांगायला फक्त रस्ता ओलांडायचा होता.

टेकडी उतरताना सांगायचं असंच तिच्या मनात होतं. घराशी येईतो ते डळमळलं. समोरच्या ओसरीत नीलकंठ उभा होता आणि विनोदिनीला काहीतरी विचारत होता. अक्का सरळ आपल्या घरात गेली. परराज्याच्या कारभारात आपण कशाला तोंड घाला, ज्यांची षष्ठी त्यांना कळेल, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि मूग गिळून बसली. बुधवारी मनाला टोचणी लागली. गुरुवारी ती टोचणीही बोथट झाली.

शुक्रवारी तिन्हीसांजेला मास्तर आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. शाळा उद्या आहे, हेडमास्तर रजा द्यायला तयार नाहीत. नीलकंठ हळूच म्हणाला, राहू दे, पुन्हा कधी जाऊ. परपुरुषासमोर कधी न बोलणारी अक्का दाराआडून म्हणाली, "टांगा सांगून झालाय. मोडायचा कसा?"

मास्तरांनीच मग आग्रह केला. पहाटे विनोदिनी दशम्यांची पुरचुंडी घेऊन आली आणि मामांकडेच उतरा म्हणाली. अक्कानं दशम्या घेतल्या, मामा घेतले नाहीत.

टांगेवाल्यानं दोघांना पाहून विचारलं, "चार सवारी की बात थी नी, भिया?" नीलकंठानं नुसती मान हलवली.

तो पुढे टांगेवाल्याशेजारी बसला, ती मागे, मागच्या बाजूला तोंड करून, जशी बायकांनी बसायची रीत. देवासपासून इंदुरापर्यंत दोघांची पाठीला पाठ होती. त्याला पुढचा रस्ता दिसत होता, तिला मागे पडणारा. मनातून मात्र ती खूश होती. आता हा माणूस दोन दिवस आपला, मध्ये कुणी नाही.

इंदुरात ती खाली उतरली. जन्मात पहिल्यांदा. तो पुढे चालला, ती मागून, रीतीप्रमाणे अंतर ठेवून. पेठेत एका दुकानापुढे तो थांबला आणि तुला काय हवं म्हणून विचारलं. तिला सांगता येईना, आणि त्यालाही सुचवता येईना. दुकानदार एकामागून एक लुगडी उलगडत राहिला. शेवटी नीलकंठ म्हणाला, "विनोदिनीबाई असत्या तर त्यांनी नीट निवडून दिलं असतं." अक्कानं समोर होतं ते पहिलं लुगडं उचललं. त्याचा रंगसुद्धा तिला आवडला नव्हता.

उतरले ते दफ्तरातल्या एका ओळखीच्यांकडे. तो ओसरीत पुरुषांत, ती माजघरात बायकांत. त्या घरच्या बायका दिवसभर आपसांतच बोलल्या.

रविवारी नाटकगृहाशी गर्दी उसळली होती. पुरुषांचं दार समोर, बायकांचं बाजूच्या जिन्यानं वर. जिन्यापाशी तो घुटमळला. "एकटी बसशील ना?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. वर बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, मायलेकी, जावाजावा, शेजारणी. एकटी अशी कुणीच नव्हती. शेजारच्या बाईनं सोबत कोण आहे म्हणून विचारलं, अक्कानं यजमान खाली आहेत म्हणून सांगितलं. बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पदर सावरून जरा पलीकडे सरकली. चांगल्या घरची बाई एकटी येते का नाटकाला?

नाटक सुरू झालं. गाणं रंगलं, खाली पुरुषांनी वाहवा केली, वर बायका एकमेकींना कोपरानं ढोसून हसल्या. अक्काला हसू येत होतं, पण ढोसायचं कुणाला? चिकाच्या फटीतून खाली नवऱ्याची पगडी दिसत होती. दर थोड्या वेळानं ती पगडी मागे वळे, वर बघे. त्याला पडद्याआडचं दिसत नव्हतं. तरी तो पुन्हा बघे. नाटकात कोण मेलं आणि कुणाचं लग्न लागलं, हे अक्काला शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी परतताना क्षिप्रेशी टांगेवाल्यानं घोडा सोडून पाण्यावर नेला. दोघं टांग्यातच बसून राहिली, पाठीला पाठ लावून. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच तिला धीर आला.

"अहो, त्यांना तुम्ही म्हणालात ना, तुम्ही नसाल तर जाण्यात अर्थ नाही. असं का म्हणालात?"

त्याला आठवायलाच वेळ लागला. मग म्हणाला, "अगं, नाटकगृहात तुझ्याशेजारी मला बसता येतं का? बजारात तुझ्याशी उभ्यानं बोलता येतं का? बायकांत कुणी आपलं नसलं की तू एकटी पडणार. त्यांनी ते नाटक माहेरी असताना दोनदा पाहिलंय. त्यांना काय अप्रूप? तुझ्यासाठी ये म्हणून मी विनवलं त्यांना. दर वेळी दमणीच्या पडद्यातून इंदूर बघायचीस. मला दिसत नव्हतं होय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. घोडा परत आला, टांगा चालू लागला, आणि तिला देवासचा रस्ता मागे सरताना दिसत राहिला.

घरी पोचताच तो कचेरीत गेला. अक्कानं लुगड्याची घडीही मोडली नाही. ती थेट रस्ता ओलांडून समोर गेली. विनोदिनी तांदूळ निवडत होती. नाटक कसं झालं, म्हणून तिनं हसून विचारलं. अक्का उंबऱ्यातच उभी राहिली.

"विनू, तुमची षष्ठी रविवारी, हे मला मंगळवारीच कळलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

विनोदिनीनं सूप बाजूला ठेवलं. "ठाऊक आहे, अक्का. भवानीबाई तुमच्यामागून टेकडी उतरून इकडेच आल्या होत्या. अक्काला सांगितलंय म्हणाल्या. मला वाटलं, तुम्ही येऊन सांगाल. बुधवारपर्यंत वाट बघितली. नाही आलात, तेव्हा समजले, तुम्हांला दोघांनाच जायचंय. मग मीही यांना काही कळू दिलं नाही. अर्ज गेला असता तर आम्हांला यावं लागलं असतं."

ती हे अगदी सरळपणानं बोलली. तिनं अक्काला हात धरून आत घेतलं, पाट दिला, पाणी दिलं. अक्का पाटावर बसली. विनोदिनीचं हसणं, तिचं इंदूर, तिचा बोलका नवरा, यांचा हेवा करायची अक्काला सवय झाली होती. पण त्या दिवशी तिच्या हातचं पाणी पिताना अक्काला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा जन्मात कधी वाटला नव्हता.